आतून लागणारी कडी

नामदेवकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्युरेटसमोर उभी होते. खिशात मोबाइल थरथरत होता. मला वाटलं आईचा असेल, येताना कोथिंबीर आण म्हणून. रंग बदलायला दोन-तीन थेंबच बाकी होते. मी ते थेंब सोडले, फिकट गुलाबी रंग टिकला, वहीत आकडा लिहिला आणि मग फोन पाहिला. पप्पांचे पाच फोन येऊन गेले होते... ही गोष्ट मी घरी अजून कोणाला सांगितलेली नाही. सांगितली तर आई म्हणेल, एवढं काय अडलं होतं तुझं. काका मात्र रागावले नसते असं मला वाटतं. "हातातलं आधी नीट खाली ठेवाचं, मंग वळाचं," हे त्यांचंच शिकवणं. तरी तो गुलाबी रंग मी विसरू शकत नाही. वहीच्या त्या पानावरचा आकडा मला बघवत नाही.

मला असं लिहायची सवय नाही. आमच्या घरात कोणालाच नाही. कॉलेजचा फॉर्म भरताना आईवडिलांच्या शिक्षणाचे रकाने होते, तिथे काय लिहायचं ते मी काकांना विचारायला गेले होते. ते म्हणाले, "जे आहे ते लिही. रकाना खाली ठेवला का वाचणाऱ्याले जास्त दिसते." काका नात्याने आमचे कोणी नव्हते. रायपुरात ब्राह्मणपाऱ्यात त्यांचं घर, आणि त्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहायचो. पप्पा गोंदियाकडच्या एका खेड्यातून आलेले, सरकारी ऑफिसात शिपाई. काका रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात सुतार होते, मी त्यांना ओळखायला लागले तोवर निवृत्त झालेले. बुटके, रुंद खांद्यांचे. डावा पाय किंचित ओढत चालायचे, कारण तरुणपणी कारखान्यात एका उलट्या पडलेल्या फळीचा खिळा त्या पायात गेला होता. त्यांची मुलगी लग्न होऊन बालाघाटला असते. घरात ते आणि शांताकाकी, दोघंच.

मला लहानपणापासून विचारायची खोड. हे काहून, ते काहून. शाळेत बाई वैतागायच्या, घरी आई. काकांनी त्याचा एक नियमच करून टाकला होता. "दिवसाले पाच काहून फुकट. सहाव्याले चहा करून आणाचा." मी किती चहा केले असतील कोण जाणे. काकी आतून ओरडायची, "तिले काय नादी लावता, अभ्यास करू द्या पोट्टीले." काका म्हणायचे, "अभ्यासच करून राहिली ते."

आमचं शेवटचं नीट बोलणं झालं ते काका जाण्याच्या तीन दिवस आधी. अंगणात पाटावर बसले होते, सुजलेला पाय दुसऱ्या पाटावर. पप्पांना नवा रायपुरात क्वार्टर मिळाल्याचं पत्र आलं होतं आणि महिनाअखेरपर्यंत आम्हाला जायचं होतं. मी विचारलं, शेडचं काय करायचं? ते म्हणाले, "घेऊन जा. तुयीच आहे. या रविवारी नाही, पायाचं हे असं आहे. पुढच्या रविवारी खोलून देतो." पुढचा रविवार त्यांच्या वाट्याला आला नाही.

ते शेड काय होतं, ते मला सुरुवातीपासून सांगावं लागेल.

आपलं राज्य नवीन झालं तेव्हा ऑफिसं ठेवायला जागा नव्हती, म्हणून शहरातले कितीतरी बंगले भाड्याने घेतले होते. पप्पांचं ऑफिस असल्याच एका बंगल्यात होतं. मागे मोठा बगीचा, आणि त्याच्या कोपऱ्यात एक लाकडी शेड. सालाच्या लाकडाचे चार खांब, सागाच्या उभ्या फळ्यांच्या भिंती, वर टिनाचे पत्रे. आत माळ्याची फावडी, झाऱ्या, खताची पोती. नवा रायपूर हे नवं सरकारी शहर तयार झालं तसं पप्पांचं ऑफिस तिकडे उचललं गेलं आणि बंगल्याच्या मालकाने सगळंच पाडायला काढलं. सोमवारी मशीन येणार होतं. त्याआधी शेडचं लाकूड ज्याला न्यायचं त्याने न्यावं, असा निरोप मिळाला. पप्पांच्या डोक्यात पाणी तापवायच्या चुलीसाठी जळण होतं. त्यांनी काकांकडे सब्बल, म्हणजे पहार, मागायला मला पाठवलं. मी तेव्हा नुकतीच बारावी झाले होते. काकांनी सब्बल दिली नाही. "चाल, पाहून येऊ," म्हणाले.

आम्ही तिघं बंगल्यात पोचल्यावर काकांनी शेडला हातच लावला नाही. तीन फेऱ्या मारल्या. मग बोटाच्या पेराने एकेक फळी ठोकली, प्रत्येक फळीशी कान नेऊन.

"काय ऐकून राहिले, काका?"

"कोणच्या फळीत दम आहे अन् कोणची नुसती उभी आहे, ते."

मी पण ठोकून पाहिलं. मला सगळ्या सारख्याच वाटल्या. त्यांनी माझं बोट धरून एका फळीवर खाली नेलं, जमिनीपासून वीतभर, आणि तिथे आवाज एकदम पोकळ झाला, मडक्यासारखा. आत उधई होती, वाळवी. अशा तीनच फळ्या निघाल्या. बाकीच्यांवर त्यांनी हात फिरवला, पप्पांकडे वळले आणि म्हणाले, "भाऊ, हे जाळाचं लाकूड नाही. हे तोडू नको. खोलू. तोडाले एक सब्बल अन् अर्धा तास पुरते. खोलाले डोकं लागते अन् दोन दिवस."

"खोलून करू काय पण?"

"आपल्या मागच्या अंगणात उभं करू. या पोट्टीले अभ्यासाले जागा होईन."

पप्पा माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे. आमच्या दोन खोल्यांत आम्ही पाच जण होतो, मी आणि माझे दोन धाकटे भाऊ धरून, आणि मी अभ्यास करायचे तो स्वयंपाकाच्या ओट्याखाली पाय दुमडून. पण हे मी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. काकांना कसं कळलं, हा प्रश्न मी त्या दिवशी विचारला नाही. पाच संपलेले होते.

खोलायच्या दिवशी सकाळी त्यांनी पहिल्यांदा मला घरी परत पाठवलं, कारण मी चपला घालून आले होते. "बूट, नाहीतर घरी." माझ्याकडे एकच जोडी होती, कॉलेजसाठी घेतलेली पांढरी कॅनव्हासची, अजून डब्यातच. मी ती घालून आले आणि दिवसभर पावलं उचलून उचलून टाकत होते. त्यानंतर काकांनी एका काठीने शेडच्या दारावर दणादण ठोकलं, दार उघडलं आणि आम्हा सगळ्यांना बाजूला उभं केलं. चहा पिऊन होईल इतका वेळ काही घडलं नाही. मग पोत्यांमागून एक लांबलचक धामण निघाली, उंबऱ्यावर थोडी थबकली आणि कुंपणाकडे गेली. पप्पांनी फावडं उचललं होतं. काका म्हणाले, "ठेव खाली. तिले बी खाली कराची नोटीस भेटली, जाऊन तं राहिली बिचारी."

शेडमध्ये एक बल्ब होता. तिथला म्हातारा चौकीदार म्हणाला, "हव भैया, लाइन तो कट गे हे." पप्पाही म्हणाले, ऑफिसचं मीटर त्यांच्यासमोर काढून नेलं. काकांनी खिशातून टेस्टर काढला आणि बल्बच्या वायरीला लावला. टेस्टर पेटला. ऑफिसचं मीटर गेलं होतं हे खरंच, पण शेडची वायर कधीतरी कोणीतरी चौकीदाराच्या खोलीवरून ओढली होती. ती बंद करून, पुन्हा टेस्टर लावून, मगच काकांनी वायर कापली. "लोकं खोटं बोलत नाहीत," ते मला म्हणाले. "त्याइले जेवढं माहीत आहे तेवढं खरं सांगतेत. आपण टेस्टर लावाचा." आता प्रयोगशाळेत बाटलीवरचं लेबल वाचलं तरी माझ्या मनात येतं, टेस्टर लावला का?

सगळ्यात नवल मला तिरप्या दांडक्यांचं वाटलं. पत्रे काढायच्या आधी काकांनी चारही कोपऱ्यांत आतून तिरप्या बल्ल्या ठोकल्या. शेड खोलायला आलो आणि हे तर उलट आणखी ठोकतायत! मी काहून विचारलं. ते म्हणाले, "छप्पर म्हणजे टोपी नाही. गाठ आहे ते. गाठ सोडली का भिंती कोणीकडे जातीन, सांगता येत नाही. म्हणून आधी धरून ठेवाचं, मंग सोडाचं." त्यानंतर जे सगळ्यात शेवटी बसवलं असेल ते सगळ्यात आधी काढायचं. पत्रे, मग वरच्या पट्ट्या, मग दार, मग भिंतींच्या फळ्या, आणि खांब अगदी शेवटी. पत्रे काढताना छपरावर कोणी चढायचं नाही, शिडीवरूनच काढायचे, आणि वारा सुटला की थांबायचं. "वाऱ्यात पत्रा पतंग होते, अन् पतंगाले दोरी आपली मान." प्रत्येक फळीचे खिळे तिथल्या तिथे उपटून डब्यात. खिळा असलेली फळी जमिनीवर ठेवलेली दिसली की ते फक्त आपला डावा पाय पुढे करायचे. बोलायची गरज नसायची.

माझ्याकडे काम होतं नंबर टाकायचं. दाराच्या डाव्या हातापासून, एक, दोन, तीन, अशा चारही भिंती. "आत उभं राहून टाकजो," काका म्हणाले होते. वॅगनच्या फळ्यांना तसेच टाकतात, आणि परत बसवताना नंबरवाली बाजू आत. पण आत अंधार होता, जाळी होती, आणि खरं सांगायचं तर धामण नुकतीच गेली होती. मी बाहेर उभी राहून पिवळ्या खडूने नंबर टाकले. मला वाटलं, नंबर तो नंबर. आतून काय, बाहेरून काय.

ही चूक आठ दिवस कोणाच्या लक्षात आली नाही, आणि त्याला कारण काकांचा डोळा. फळ्या घरी आल्या आणि त्याच आठवड्यात त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा डोळा आधीच अंधूक, वर काळा चष्मा, अशा अवतारात ते अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि आवाजावरून हुकूम सोडायचे. "तो खिळा वाकडा गेला. काढ." पप्पा काढायचे, खरंच वाकडा असायचा. पप्पा आणि मी फळ्या बसवत होतो, नंबरवाली बाजू आत. आता त्या शेडला बाहेरून वर्षानुवर्षं जळकं तेल पाजलेलं होतं, काळंकुट्ट, आणि आतून कोरं लाकूड. काळी बाजू आत येतेय हे मला दिसत होतं. पप्पांनाही दिसत होतं. पण काकांनी नंबर आत म्हटलं होतं. मला वाटलं, पप्पांना माहीत असेल. पप्पांना वाटलं, वॅगनवाल्यांची काहीतरी रीत असेल. दोघांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. मी, दिवसाला पाच काहून विचारणारी, तेवढं एक विचारलं नाही.

डोळ्याची पट्टी सुटली त्या दिवशी दार बसवायचं होतं. काका नव्या डोळ्याने शेडभोवती फिरले. थांबले. आत गेले. बाहेर आले. पप्पा घाम पुसत उभे.

"भाऊ," काका म्हणाले, "तू सदरा कदी उलटा घालून ऑफिसले गेला का?"

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी खरं सांगून टाकलं. अंधार, जाळी, धामण, सगळं. मला वाटलं, आता पुन्हा सगळं काढायचं. काकांनी मला चिडवायची संधी मात्र सोडली नाही. "चाळीस वर्षं वॅगनी केल्या. एक नंबर खोडाची पाळी आली नाही माझ्यावर. अन् हे बारावी पास." काकी पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. म्हणाली, "हो का. देवच तुमी." मग काका दाराच्या चौकटीपाशी गेले आणि तिथे त्यांना काहीतरी दिसलं. भिंत उलटी झाल्यामुळे चौकटही उलटी बसली होती. कडी अडकवायचा कोयंडा, जो बाहेर असायचा, तो आत आला होता. त्यांनी दार चौकटीत बसवून लावून पाहिलं. आत जाऊन कडी घातली. आतून त्यांचा आवाज आला, "आता ढकल." मी ढकललं. दार हललं नाही.

ते बाहेर आले आणि म्हणाले, "असू दे. बागेच्या शेडले कडी बाहेरून लागते. पोरीच्या खोलीले आतून लागाले पाहिजे."

आमच्या खोल्यांना मधे दार नव्हतं, पडदा होता. मी स्वतः आतून लावू शकेन अशी कडी, न्हाणीघर सोडलं, तर माझ्या आयुष्यात पहिलीच.

"पण बाकीच्या भिंती? आतलं कोरं लाकूड बाहेर आलं, पाऊस लागेल त्याले," पप्पा म्हणाले.

"लागू दे. इतकी वर्षं त्यानं ऊन पाह्यलं नाही. पाहू दे थोडे दिवस."

दुसऱ्या दिवशी, वरच्या पट्ट्या आणि पत्रे चढवायच्या आधी, काका शिडी घेऊन एकटेच चारही भिंतींवरून फिरले. फळ्यांच्या वरच्या टोकांवर ते सुताराच्या चपट्या पेन्सिलीने काहीतरी लिहीत होते. मी खालून विचारलं, काय लिहून राहिले? "खोलशील तवा वाच." मग पट्ट्या ठोकल्या, पत्रे चढले आणि ते लिहिलेलं झाकून गेलं. काकीनेही विचारलं होतं म्हणे. तिलाही तेच उत्तर.

त्या शेडमध्ये मी तीन वर्षं अभ्यास केला. काळ्या भिंती, एक टेबल, एक बल्ब, आणि कडी. पप्पा रोज नवा रायपुरला जायचे यायचे, बस चुकली की रस्त्यात कोणाच्या तरी गाडीला हात दाखवत. काका रोज संध्याकाळी बाहेरून पेराने फळी ठोकायचे. दार उघड म्हणून नाही. एकदा ठोकायचे, ऐकायचे आणि पुढे जायचे. अभ्यास करता करता कधी माझी नजर वर जायची, पट्टीखाली काय लिहिलं असेल, या विचाराने. एकदा तर मी स्क्रू-ड्रायव्हरने पट्टी उचकटून पाहायला निघाले होते. मग वाटलं, नको.

तेरावं झालं. काकांची मुलगी बालाघाटला परत गेली. महिना संपायला दहा दिवस उरले होते. मी काकीला म्हटलं, शेड इथेच राहू द्या, तुमच्याकडे. मला खरंच तसं वाटत होतं. ते अंगणातून काढणं म्हणजे... मला ते करवलं नसतं. आणि दुसरं खरं कारण असं की मला भीती वाटत होती. काका नसताना ते खोलणं. छप्पर उतरवताना भिंत पडली तर, पट्टी काढताना फळीचं टोक फुटलं तर त्यांनी लिहिलेलंही जाणार. विचारायला आता कोणी नाही.

काकी म्हणाली, "मी काय करू त्याचं? त्याईनं तुले सांगतलं होतं न नेजो म्हणून? मंग ने. अन् काय लिहून ठेवलं ते मले बी पाहाचं आहे. तीन वर्षं झाली विचारून राहिली मी. सांगतलं नाही माणसानं."

रविवारी सकाळी आम्ही सुरुवात केली. पप्पा, मी आणि माझा भाऊ गोलू. बूट घातले. दारावर काठीने ठोकलं, वाट पाहिली. एक पाल निघाली. मेन स्विच बंद केला आणि तरी टेस्टर लावला. गोलू हसला, "दीदी, स्विच तो तूने खुद बंद किया है ना?" मी म्हटलं, लावायचा असतो. चारही कोपऱ्यांत तिरप्या बल्ल्या ठोकल्या. प्रत्येक ठोक्याला मला वाटत होतं, खुर्चीवरून आवाज येईल, वाकडा गेला, काढ.

पत्रे उतरले. मी शिडीवर होते, मागच्या भिंतीची पट्टी सोडवत. आणि खाली गोलूला माझं टेबल बाहेर काढायचं होतं, बल्ली आडवी येत होती, म्हणून त्याने ती काढून ठेवली. त्याने वाईट विचार करून नाही केलं. मला आधी आवाज ऐकू आला. लांब, ओला, दार करकरतं तसा. मग माझ्या हाताखालची भिंत माझ्यापासून दूर जायला लागली, हळू, अगदी सावकाश, आत टेबलापाशी वाकलेल्या गोलूच्या पाठीकडे. मी ओरडले, "गोलू, बाहेर! पप्पा, भिंत!" पप्पांनी खांद्याने धरली. गोलू टेबल टाकून बाहेर पळाला, मग परत येऊन बल्ली पप्पांच्या हातात दिली. पप्पांनी दोन खिळ्यांत ती पुन्हा बसवली. कोणाला काही लागलं नाही. मी खाली उतरले. गोलू अजून पप्पांजवळच उभा होता. "सॉरी दीदी. मुझे लगा, छप्पर तो उतर ही गया..." मी त्याला सांगितलं, छप्पर टोपी नाही, गाठ आहे. त्याला किती कळलं, ठाऊक नाही.

काकीने पाण्याचा पेला माझ्या हातात दिला. "आता काय? सोडतं का?"

"नाही," मी म्हटलं. "थोडं थांबून."

पुन्हा चढले तेव्हा चारही कोपरे हाताने हलवून पाहिले. मग मागच्या भिंतीची पट्टी एकेका खिळ्याशी थांबत, खाली लाकडाची पाचर घालत वर उचलली. एकही टोक फुटलं नाही. आणि खाली काकांचं अक्षर होतं. प्रत्येक फळीच्या टोकावर माझाच खडूचा नंबर, पेन्सिलने पुन्हा लिहिलेला, आणि शेजारी एक बाण. बाण आतून बाहेर जाणारा. काळ्या बाजूकडून कोऱ्या बाजूकडे. मला दोन मिनिटं लागली. ते सांगत होते, पुढच्या वेळी ही भिंत फिरव. काळी बाजू परत बाहेर ने. पहिल्यांदा कोऱ्या लाकडाला ऊन दाखवलं, आता त्याला आत घे. डाव्या भिंतीवर तेच. उजव्या भिंतीवर तेच. मी वाचून दाखवत होते आणि खाली काकी "हं, हं" करत होती, आणि मला वाटतं तिची थोडी निराशा झाली असावी. माझीही झाली, का लपवू. तीन वर्षं मी त्या पट्टीखाली काय काय कल्पलं होतं.

शिडी दाराच्या भिंतीला लावली. पट्टी काढली. तिथे सात फळ्या. सातही फळ्यांवर बाण होता, बाकीच्यांसारखाच, आतून बाहेर. आणि सातही बाण खोडलेले होते. दोन-दोन रेघा मारून, पेन्सिल रुतवून. खोडलेल्या बाणाखाली दुसरा बाण, उलट दिशेला. म्हणजे ही भिंत फिरवू नको. आहे तशीच ठेव.

"काकी," मी म्हटलं, "इथे काकांनी खोडलंय."

"काय केलं?"

"लिहिलेलं खोडलंय. सात वेळा."

काकी उठून भिंतीपाशी आली. तिने मान वर करून पाहिलं, पण तिथून तिला दिसणार नव्हतं. "चाळीस वर्षं मले सांगत होते, मी कदी खोडत नाही म्हणून," ती म्हणाली. "कायले खोडलं असल?" मी शिडीवरून खाली कडीकडे बोट दाखवलं. ती दारातून आत गेली. दार अजून चौकटीतच होतं. तिने कडी धरली, कोयंड्यात घातली, काढली. परत घातली. वर मोकळं आभाळ होतं, त्यामुळे शिडीवरून मला ती दिसत होती. कडी घातलेलं दार तिने एकदा ओढून पाहिलं. मग म्हणाली, "असं आहे तं."

गेल्या रविवारी आम्ही नवा रायपुरच्या क्वार्टरच्या मागे शेड उभं केलं. तीन भिंती फिरवल्या. दाराची तशीच ठेवली. त्यामुळे आता आत तीन बाजूंना करडं लाकूड आहे, तीन पावसाळ्यांच्या ओघळांचं, आणि चौथी भिंत काळी, कडीची. इथले रस्ते इतके रुंद आहेत की पलीकडे कोण राहतं ते दिसत नाही, आणि संध्याकाळी फळीवर कोणी ठोकत नाही.

काकीला पप्पा पाहायला घेऊन आले. तिने चहा नको म्हटलं, क्वार्टर पाहायचं सोडून सरळ मागे गेली. शेडमध्ये शिरली आणि दार लावून घेतलं. कडी पडल्याचा आवाज आला. आम्ही बाहेर उभे, आई, पप्पा, गोलू आणि मी. आई म्हणाली, आवाज देऊ का? आणि तेवढ्यात आतून बोटाच्या पेराने फळी ठोकल्याचा आवाज आला. थोडं थांबून दुसरी. मग तिसरी. काकी एकेक फळी ठोकत होती आणि प्रत्येकीपाशी थांबत होती. गोलूने माझ्याकडे पाहिलं. मी या वेळीही काहून विचारलं नाही. सगळ्या भिंती होईपर्यंत आम्ही बाहेरच उभे राहिलो.